साडेसातशे किलोमीटरवरून महाड-पोलादपूरचे डोंगर

सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, घाट उतरून पोलादपूरच्या खोऱ्यात येते आणि महाडच्या परिसरात गांधारी व काळ या नद्यांचे पाणी पोटात घेऊन बाणकोटच्या खाडीकडे जाते. या खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना सह्याद्रीचे उभे उतार आहेत आणि त्या उतारांवर, पायथ्याशी, मधल्या सपाटीवर वाड्या वसलेल्या आहेत. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या महाड तालुक्यातल्या गावांनी हेच पाहिले होते.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर एक प्रश्न विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. माणसाने अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिका पाहिल्या, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरवले; मग आपल्या डोक्यावरचा डोंगर सरकतो आहे, हे अवकाशातून दिसत नाही का? उत्तर असे आहे की काही प्रमाणात दिसते, आणि कसे दिसते ते समजून घ्यायला दुर्बिणीपासून सुरुवात करावी लागते. कारण आकाशात दूरवर पाहण्यासाठी जी युक्ती शोधली गेली, तीच आज उपग्रहात बसून खाली पाहते आहे.

दुर्बीण मोठी का लागते

१६०८ साली नेदरलँड्समध्ये हान्स लिपरशे या चष्मेवाल्याने दुर्बिणीच्या हक्कासाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने स्वतः भिंगे घासून दुर्बीण बनवली आणि जानेवारी १६१० मध्ये गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले. त्याची चांगली दुर्बीण वस्तू सुमारे वीसपट मोठी दाखवत असे. पुढे न्यूटनने १६६८ मध्ये भिंगाऐवजी आरसा वापरला आणि दुर्बिणी मोठ्या होत गेल्या. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेत एक मीटरहून किंचित मोठे भिंग बसले, १९४८ मध्ये पालोमारच्या डोंगरावर पाच मीटरचा आरसा उभा राहिला. १९९० मध्ये हबल दुर्बीण २.४ मीटरचा आरसा घेऊन वातावरणाच्या वर गेली, तर २०२१ च्या नाताळात जेम्स वेब ६.५ मीटरचा घडीचा आरसा घेऊन निघाली.

ही मोठेपणाची धडपड दोन कारणांसाठी आहे. एक, मोठा आरसा जास्त प्रकाश गोळा करतो, म्हणून अंधूक वस्तू दिसतात. दुसरे कारण आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे: मोठा आरसा बारकावे वेगळे करून दाखवतो. प्रकाश ही लहर आहे. लहर कोणत्याही खिडकीतून आत शिरताना थोडी पसरते. खिडकी जितकी लहान आणि लहर जितकी लांब, तितका हा पसरटपणा जास्त. म्हणून जवळजवळ असलेले दोन तारे लहान दुर्बिणीत एकच ठिपका दिसतात आणि मोठ्या दुर्बिणीत दोन. नियम साधा आहे: तरंगलांबीला व्यासाने भागा, जितकी लहान संख्या येईल तितके चित्र स्पष्ट. हा एक भागाकार लक्षात ठेवला की पुढचे सगळे उलगडत जाते.

लहर लांब झाली की काय होते

१९३२-३३ च्या सुमारास कार्ल जान्स्की या अमेरिकी अभियंत्याला आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी सापडल्या. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असते; रेडिओ लहरी मात्र सेंटिमीटर आणि मीटरमध्ये मोजाव्या लागतात. विश्वात सर्वत्र असलेला हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या लहरी सोडतो. त्या लहरींवर आपल्या साध्या डोळ्याइतके स्पष्ट दिसायचे म्हटले तरी पाऊण किलोमीटरच्या आसपास व्यासाची थाळी लागेल. हबलइतके स्पष्ट हवे असेल तर ती हजार किलोमीटरची व्हावी लागेल. अशी थाळी कोणी बांधू शकत नाही.

यातून वाट काढली ती केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. एक मोठी थाळी बांधण्याऐवजी अनेक लहान थाळ्या दूरदूर ठेवायच्या, प्रत्येकीकडे आलेली लहर अचूक वेळेसह नोंदवायची आणि मग गणिताने त्या नोंदी एकत्र करायच्या. एकाच ताऱ्याची लहर एका थाळीला क्षणभर आधी आणि दुसरीला क्षणभर नंतर मिळते. त्या फरकात ताऱ्याची नेमकी दिशा दडलेली असते. पृथ्वी फिरते तशा थाळ्यांच्या जागाही आकाशाच्या हिशेबात बदलत जातात आणि न बांधलेल्या थाळीचे एकेक ठिकाण भरत जाते. चित्राची स्पष्टता मिळते ती सर्वांत दूरच्या दोन थाळ्यांमधल्या अंतराइतकी. या कामासाठी राइल यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले.

या विद्येचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ छोट्या थाळ्यांची एक रांग मांडून सूर्याच्या रेडिओ लहरी पाहिल्या. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभी राहिली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. त्यांतल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आहेत, उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन थाळ्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. थाळीचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा नसून ताणलेल्या स्टीलच्या तारांच्या जाळीचा आहे. लांब लहरींना जाळीची छिद्रे दिसत नाहीत, तिच्यावरून त्या परावर्तित होतात. वजन कमी झाले, वारा आरपार गेला आणि खर्च आवाक्यात आला.

एकच थाळी, पण चालती

आता हीच गोष्ट खाली पाहण्यासाठी वापरू. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून जीएसएलव्ही-एफ १६ या रॉकेटने निसार नावाचा उपग्रह कक्षेत सोडला. इस्रो आणि नासा यांचा हा संयुक्त उपग्रह ७४७ किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून फिरतो. त्याच्यावर दोन रडार आहेत. २४ सेंटिमीटर लहरीचे नासाचे आणि नऊ-दहा सेंटिमीटर लहरीचे इस्रोचे. इस्रोचे रडार अहमदाबादच्या अंतरिक्ष उपयोग केंद्रात तयार झाले. दोन्हींसाठी मिळून बारा मीटर व्यासाची, उघडणाऱ्या जाळीची एक थाळी आहे.

रडार म्हणजे स्वतः लहर पाठवायची आणि जमिनीवरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकायचा. त्याला सूर्य लागत नाही, म्हणून रात्रीही चालते. आणि ढगांचे बारीक थेंब या लांब लहरींना अडवत नाहीत. आषाढ-श्रावणात महाड-पोलादपूरवर सलग अनेक दिवस ढगांचे छत असते. तेव्हा साधा कॅमेरा असलेला उपग्रह पांढऱ्या पडद्यापलीकडे काही पाहू शकत नाही. रडारला डोंगर दिसत राहतात.

पण तो भागाकार इथेही आडवा येतो. २४ सेंटिमीटरला बारा मीटरने भागले आणि साडेसातशे किलोमीटरच्या उंचीने गुणले तर उत्तर पंधरा किलोमीटर येते. उपग्रह तिरके पाहतो, त्यामुळे प्रत्यक्षातले अंतर आणखी जास्त असते. महाडहून पोलादपूर रस्त्याने अठरा-वीस किलोमीटर आहे. म्हणजे नुसत्या थाळीच्या जोरावर पाहिले तर महाड आणि पोलादपूर जवळपास एकाच डागात मिसळतील. वाडी, ओढा, उतार काही वेगळे दिसणार नाही.

इथे उपग्रहाची गती मदतीला येते. तो सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो आणि प्रत्येक सेकंदात हजारो वेळा लहर सोडतो. तळीयेच्या उतारावरचा एखादा कातळ त्याच्या झोतात दोनेक सेकंद राहतो. तेवढ्या वेळात उपग्रह कित्येक किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि त्या कातळाचे हजारो प्रतिध्वनी हजारो वेगवेगळ्या ठिकाणांहून त्याने नोंदवलेले असतात. घाटातल्या वळणावर येणाऱ्या एसटीचा हॉर्न जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो. तसाच बदल या प्रतिध्वनीतही होतो. उपग्रह कातळाकडे येत असताना कंप्रता किंचित जास्त, दूर जाताना किंचित कमी. प्रत्येक कातळाचा हा चढ-उतार त्याच्या जागेप्रमाणे वेगळा असतो, म्हणून एकाच झोतात असलेल्या दोन जागा वेगळ्या काढता येतात. संगणक सगळे प्रतिध्वनी एकत्र करतो आणि कित्येक किलोमीटर लांबीची, कधीच न बांधलेली थाळी तयार होते. अमेरिकेतल्या कार्ल वायली यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. १९७८ मध्ये सीसॅट हा उपग्रह तिच्या बळावर समुद्र आणि जमीन पाहू लागला. निसार याच पद्धतीने काही मीटरपर्यंतचा तपशील पाहतो. या पद्धतीला सिंथेटिक अॅपर्चर रडार, थोडक्यात 'सार' म्हणतात.

भारताने या वाटेवर आधीच पावले टाकली होती. एप्रिल २०१२ मध्ये रिसॅट-१ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ईओएस-०४ हे आपले रडार उपग्रह गेले. युरोपचा सेंटिनल-१ए २०१४ पासून साडेपाच सेंटिमीटरच्या लहरीने जमीन पाहतो आहे आणि त्याच्या नोंदी कोणालाही मोफत मिळतात.

डोंगर किती सरकला

चित्र मिळाले, पण सरकणे कसे मोजायचे? लहर वर-खाली होत जाते. परत आलेली लहर त्या क्षणी शिखरावर होती, दरीत होती की मध्ये कुठे, याला तिची कला म्हणतात. रडार प्रतिध्वनीच्या ताकदीबरोबर कलाही नोंदवते. बारा दिवसांनी निसार पुन्हा तशाच मार्गावरून जातो आणि तीच जागा पुन्हा पाहतो. उतार जागचा हलला नसेल तर दोन्ही वेळच्या कला जुळतात. तो उपग्रहापासून थोडा दूर गेला असेल तर लहरीला जाऊन-येऊन जास्त चालावे लागते आणि कला बदलते. जाणे-येणे दुहेरी असल्यामुळे अर्ध्या तरंगलांबीइतक्या हालचालीला एक पूर्ण फेरा होतो: २४ सेंटिमीटरच्या लहरीला बारा सेंटिमीटर, सेंटिनलच्या लहरीला पावणेतीनच्या आसपास. फेऱ्याचा लहानसा भागही वाचता येतो, म्हणून साडेसातशे किलोमीटरवरून सेंटिमीटरची, कधी त्याहून कमी हालचाल मोजता येते. नकाशावर ती रंगांच्या पट्ट्यांनी दाखवतात. एक पट्टा म्हणजे एक फेरा. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लँडर्स इथे भूकंप झाला. युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी जुळवून जमीन कशी सरकली याचा पट्टेदार नकाशा निघाला आणि या पद्धतीची ताकद जगाला कळली.

याच तत्त्वाने उंचीही मोजता येते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ६० मीटर लांबीच्या दांडीच्या दोन टोकांना परतलेली लहर टिपणारे दोन ग्राहक लावले आणि अकरा दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक वस्तीच्या जमिनीची उंची मोजली. आज एखाद्या वाडीमागचा उतार किती अंशांचा आहे, ओढा कुठून कुठे वाहतो, डोंगराचा कोणता भाग पाणी एका घळीत गोळा करतो, हे नकाशावर काढताना अशाच उंचीच्या नोंदी पायाशी असतात.

सह्याद्री मोजायला कठीण का

इथपर्यंत वाचून वाटेल की मग तळीयेची सूचना आधीच मिळायला हवी होती. हे घडणे अवघड का होते, तेही तितक्याच शांतपणे समजून घ्यायला हवे.

पहिली अडचण झाडोऱ्याची. कला जुळायला त्या जागेवरचे दगड, माती, भिंती पूर्वीसारख्याच राहाव्या लागतात. पानांवरून परतलेली लहर दर वेळी वेगळी असते, कारण पाने हलतात, वाढतात. जूनमध्ये उघडा असलेला उतार जुलैत हिरवा होतो आणि आखूड लहरींची जुळणी तुटते. लांब लहर पानांमधून खाली उतरते, फांद्या आणि जमिनीपर्यंत पोचते. निसारवरची २४ सेंटिमीटरची लहर म्हणूनच आपल्यासाठी मोलाची आहे.

दुसरी अडचण वाफेची. हवेतली वाफ लहरीला किंचित रेंगाळवते आणि नकाशात जमीन सरकल्याचा खोटा भास होतो. पावसाळ्यात हा भास काही सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. तो काढायला एकामागून एक अनेक फेऱ्यांच्या नोंदी लावाव्या लागतात.

तिसरी अडचण उभ्या कड्यांची. रडार बाजूने पाहते. उपग्रहाकडे तोंड असलेला उतार चित्रात आखडतो, कधी माथा पायथ्यावर आडवा पडल्यासारखा दिसतो. पाठ फिरवलेला उतार सावलीत जातो. उत्तरेकडे जाणाऱ्या आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या दोन्ही फेऱ्यांतून पाहिले की एका फेरीत लपलेला उतार दुसरीत दिसू शकतो.

सर्वांत मोठी अडचण आपल्या डोंगरांच्या स्वभावात आहे. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर चढून झाला. काळ्या कातळावर झिजलेला मुरूम, माती, दगडगोटे यांचा थर असतो. मुसळधार पाऊस या सैल थरात मुरतो, खालचा कातळ त्याला पुढे जाऊ देत नाही, पाणी तिथेच साठते आणि मातीच्या कणांमधला पाण्याचा दाब वाढतो. कणांची एकमेकांवरची पकड सुटली की सगळा थर दगड-झाडांसह खाली येतो. हिमालयातले काही उतार वर्षानुवर्षे थोडे थोडे सरकत असतात आणि ते उपग्रहाला मोजता येतात. आपल्याकडच्या अनेक दरडी मात्र अतिवृष्टीच्या काही तासांत जमतात आणि काही मिनिटांत कोसळतात. बारा दिवसांनी येणारा उपग्रह ती घडी पकडू शकत नाही.

मग त्याचा उपयोग काय

उपयोग मोठा आहे, फक्त तो नेमक्या जागी ओळखायला हवा.

दरड कोसळली की हिरव्या उतारावर लाल-तपकिरी ओरखडा उरतो. आधीची आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवून असे ओरखडे मोजता येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये भारताचा दरडींचा नकाशासंग्रह काढला; त्यात १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८०,००० दरडी आहेत. कोणता उतार, कोणता खडक, किती अंश, पाणी कुठे गोळा होते, रस्त्यासाठी डोंगर कुठे कापला आहे, हे जुन्या दरडींशी ताडून पाहिले की पुढची दरड कुठे येऊ शकते याचा अंदाज बांधता येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशे याच विचाराने तयार होतात. ते ठिकाण सांगतात, दिवस सांगत नाहीत.

दिवसाचा अंदाज पावसातून येतो. ३६,००० किलोमीटर उंचीवरचे इन्सॅट मालिकेचे उपग्रह दिवसातून अनेकदा ढगांची चित्रे पाठवतात. जमिनीवरचे पर्जन्यमापक खरा पाऊस सांगतात. एखाद्या भागात किती तासांत किती पाऊस झाला की दरडी येतात, हे जुन्या नोंदींवरून काढले की तो आकडा जवळ येताना इशारा देता येतो. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जुलै २०२४ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू केले. दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांपासून या कामाची सुरुवात झाली. असा आकडा सह्याद्रीसाठी काढायचा तर महाबळेश्वरच्या आणि महाडच्या पावसाची सरासरी पुरत नाही. घाटमाथ्यावर एका डोंगरापलीकडे पाऊस निम्मा होतो. वाडीवाडीत मापक हवा आणि त्याची रोजची नोंद हवी.

पुराच्या वेळीही रडार कामी येते. शांत पाणी लहरीला आरशासारखे दुसरीकडे वळवते, म्हणून भातखाचरांवर पसरलेला पूर चित्रात काळा दिसतो. महाडच्या बाजारपेठेसारख्या दाट वस्तीत मात्र पाणी आणि भिंत यांच्यावरून दोनदा उसळलेली लहर परत येते आणि तीच जागा उलट उजळ दिसते. हे माहीत असलेल्या माणसालाच असा नकाशा नीट वाचता येतो.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे. रडारची लहर नेमकी परत पाठवणारे धातूचे तीन पृष्ठांचे कोपरे असतात. संशयित उतारावर, झाडोऱ्याच्या वर ते पक्के रोवले की त्या जागेची कला पावसाळ्यातही जुळते. गावामागच्या ज्या डोंगराला भेग पडली आहे, जिथे उतार दरवर्षी थोडा खचतो आहे, तिथे असे काही कोपरे आणि भेगेवर एक साधी मोजपट्टी एवढ्याने उपग्रहाला पाहण्यासारखे काहीतरी मिळते.

गावकऱ्यांना दिसणाऱ्या खुणाही याच नोंदीत यायला हव्यात: उतारावर नवी भेग, कललेली झाडे आणि विजेचे खांब, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, जिथे कधी नव्हते तिथे फुटलेले पाणी, अचानक अडकू लागलेली दारे, डोंगरातून येणारा घरघराट. मोठ्या पावसात यातले काही दिसले तर कोणाच्या आदेशाची वाट न पाहता घर सोडायचे असते.

खोडदच्या तीस थाळ्यांपैकी एकटी एक थाळी फारसे काही स्पष्ट दाखवत नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी वेळेवर एकत्र आल्या तरच चित्र उभे राहते. डोंगराचेही तसेच आहे. निसारचा नकाशा अहमदाबाद-हैदराबादच्या संगणकात राहिला, पर्जन्यमापकाचा आकडा वहीत राहिला आणि भेग पाहिलेल्या गुराख्याचे बोलणे वाडीत राहिले, तर तिन्ही वाया जातात. म्हणून महाड आणि पोलादपूरला आता यंत्रांइतकीच गरज आहे ती या नोंदी जोडणाऱ्या व्यवस्थेची: दर पावसाळ्याआधी प्रत्येक दरडप्रवण वाडीचा उताराचा नकाशा मराठीत ग्रामसभेत मांडला जावा, शाळेत पर्जन्यमापक असावा, किती पावसाला कुठे हलायचे हे आधी ठरलेले असावे आणि तहसील कचेरीत या नोंदी रात्रीही वाचणारा माणूस बसलेला असावा. यातले बहुतेक काम एका पावसाळ्याच्या आत सुरू करता येण्यासारखे आहे.